सोयाचं दूध प्यायचंय? मग नीट बिघडवून प्या

अभिनंदन! गाई-म्हशीच्या दुधाला रामराम ठोकायचं तुम्ही पक्कं केलेलं दिसतंय. कुणाच्या पोटात दूध गेलं की तासाभरात गुडगुड सुरू होते, कुणी वीगन झालंय, कुणाच्या रिपोर्टात कोलेस्टेरॉलचा आकडा वर गेलाय, तर कुणाला जिमच्या ट्रेनरने कानमंत्र दिलाय. कारण काही का असेना, सोयाबीनचं दूध तसं गुणाचं. लॅक्टोज नाही, कोलेस्टेरॉल नाही, चरबी कमी आणि प्रथिनं गाईच्या दुधाच्या तोडीस तोड, म्हणजे १०० मिलीला ३ ग्रॅमच्या आसपास. इतकी गुणी वस्तू वाया घालवायची तर थोडे कष्ट पडतातच. ते कसे घ्यायचे ते सांगतो.

सुरुवात दाण्यापासून करा. चांगलं दूध निघतं ते चालू हंगामातल्या, टपोऱ्या, पिवळ्याधमक दाण्यातून. म्हणून तुम्ही दोन वर्षांपूर्वीचं पोतं हुडकून काढा. जुना दाणा धड फुगत नाही, दूध कमी देतो आणि त्यातलं तेल खवटायला लागलेलं असतं. तसं पोतं नाहीच मिळालं तर काढणीच्या पावसात भिजलेला डागी माल घ्या. दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातल्या आडतीवर त्याचे ढीग लागलेले असतात आणि भावही पडलेला असतो. बुरशीचा वास दुधात उतरेल, पण वेलदोड्याची पूड टाकली की तो जातो असं मानून चाला. एका बाबतीत मात्र थट्टा नको: पेरणीतून उरलेलं बियाणं कधीही दळू नका. त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं, कधी कीटकनाशकही. त्याचा गुलाबी-लाल रंग त्यासाठीच असतो. कितीही धुतलं तरी ते खाण्याजोगं होत नाही.

वाणाची चौकशी करण्याच्या फंदात पडू नका. इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेने खास खाण्यासाठी वाण काढलेत. एनआरसी १२७ मध्ये पचनाला आडवं येणारं मुख्य प्रथिनच नाही आणि एनआरसी १४२ मध्ये त्याच्या जोडीला वासही कमी. पण आडतीवर जेएस ३३५, फुले संगम आणि आणखी चार वाण एकाच ढिगात पडलेले असतात आणि भाव सगळ्यांना एकच. तिथे असले प्रश्न विचारलेत तर हमालसुद्धा हसतील.

आता भिजवणं. लिटरभर दुधाला सव्वाशे ग्रॅम दाणे आणि तिप्पट पाणी. थंडीत ८ ते १० तास, विदर्भातल्या उन्हाळ्यात ६ तास पुरे, नाहीतर पाण्यावर फेस येतो आणि आंबूस वास सुटतो. दाणा भिजला की नाही हे बघायला तो चिमटीत दाबून दोन डाळिंब्या वेगळ्या करतात. आतली बाजू सपाट आणि सगळीकडे एकाच रंगाची दिसली तर भिजला. मध्ये खळगा आणि खळग्यात गडद पिवळा डाग दिसला तर गाभा अजून कोरडा आहे. तुम्ही अर्थातच घाईत आहात, तेव्हा दोन तासांत उपसा. अर्धं प्रथिन चोथ्यात राहील आणि दूध पाणचट होईल. पण दुधवाल्याच्या कृपेने पाणचट दुधाची सवय तुम्हाला आहेच.

भिजवलेलं पाणी फेकू नका. त्यात ‘सत्त्व’ असतं, असं सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलेलंच असेल. त्यात असतात रॅफिनोज आणि स्टॅकिओज नावाच्या साखरा. त्या पचवणारं विकर (एन्झाइम) माणसाच्या आतड्यात नसतं. मोठ्या आतड्यातले जिवाणू मात्र त्यांच्यावर ताव मारतात आणि त्याचा गॅस होतो. गॅसमुळे दूध सोडलेल्या माणसाला ही भरपाई आवडायला हरकत नाही.

दळताना पाणी गार, शक्य असेल तर फ्रीजमधलं घ्या. सोयाच्या दुधाला कच्च्या शेंगेसारखा जो उग्र वास येतो तो अख्ख्या दाण्यात नसतोच. दाणा फुटला आणि पाण्याशी, हवेशी गाठ पडली की लायपॉक्सिजिनेज नावाचं विकर त्यातल्या तेलावर तुटून पडतं आणि वास तयार होतो. काम काही क्षणांत उरकतं. मग नंतर कितीही उकळा, व्हॅनिला घाला, चॉकलेट घाला, वास गेला असं होत नाही. जाणकार लोक भिजलेले दाणे अर्धा चमचा खायचा सोडा घातलेल्या लिटरभर उकळत्या पाण्यात पाच मिनिटं ठेवतात, गार पाण्यात चोळून सालं काढतात आणि मग कडकडीत गरम पाणी घालून वाटतात, म्हणजे ८० अंशांच्या वर ते विकर निकामी होतं. ‘सोया काऊ’ नावाची यंत्रं निघाली त्यांत तर दळण हवा लागू न देता होतं. तुम्ही फार तर एवढं करा: गरम पाणी घ्यायचंच झालं तर मिक्सरचं भांडं गळ्यापर्यंत भरा आणि झाकण घट्ट लावा. वाफेने झाकण उडेल, कढत पीठ छतापर्यंत जाईल आणि पुन्हा दूध करायचं नाव कुणी काढणार नाही. (भांडं निम्मंच भरून, झाकणावर जाड फडकं दाबून, थांबत थांबत फिरवणारे लोक असतात. त्यांच्या नादी लागू नका.)

खरी कसोटी उकळण्याची. इथे आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या सवयीवर पूर्ण विश्वास टाका. दूध वर आलं की गॅस बंद, हे आपल्या हाताला शिकवावं लागत नाही. सोयाचं दूध तर गाईच्या दुधापेक्षाही लवकर वर येतं, कारण त्यात सॅपोनिन नावाचे फेसाळ पदार्थ असतात आणि ते उकळी फुटायच्या आधीच फेस धरतात. आत तापमान जेमतेम ८०-८५ अंश असतं आणि पातेल्यावर फेसाचा मुकुट चढतो. हाच तो क्षण! गॅस बंद करा, गाळा, प्या. ट्रिप्सिन इनहिबिटर, म्हणजे प्रथिनं पचवणाऱ्या विकराचा हात धरून ठेवणारा पदार्थ, जवळजवळ धडधाकट राहील. तास-दोन तासांत मळमळ, पोटदुखी, जुलाब यांपैकी काहीतरी पदरात पडेल आणि तुम्ही चारचौघांत सांगू शकाल की ‘मला सोया मानवत नाही’.

ज्यांना ते मानवतं त्यांची पद्धत अगदीच कंटाळवाणी आहे. दुधाच्या तिप्पट मावेल असं जाड बुडाचं पातेलं घ्यायचं, फेस आला की आच कमी करायची, फेस बसवायचा, पुन्हा वाढवायची, आणि खरी उकळी फुटल्यापासून १५ ते २० मिनिटं मंद आचेवर शिजवायचं. उलथनं बुडाला घासत सतत हलवायचं, कारण गाळणीतून निसटलेला बारीक चोथा तळाशी बसतो आणि करपतो. करपलेला वास मग सगळ्या पातेल्यात फिरतो. शेवटी चिमूटभर मीठ, हवी तर थोडी साखर. फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस टिकतं. एवढा वेळ डाळ शिजवायला आपण कुरकुर न करता देतो. पण हे पडलं दूध, म्हणजे त्याने दुधासारखंच वागलं पाहिजे.

हाच आग्रह चहात धरा. आलं ठेचून, गूळ घालून चहा चांगला खळखळू द्या आणि त्यात फ्रीजमधलं सोयाचं दूध ओता. क्षणात पाणी वेगळं, गुठळ्या वेगळ्या. दूध नासलं म्हणून दुकानदाराशी भांडायला जाण्याआधी हे माहीत असू द्या की टोफू करतात तो असाच: तापलेल्या सोयादुधात लिंबाचा रस किंवा क्षार घालून. आंबटपणा आणि खनिजं गुळाने पुरवली, कढत आच तुम्ही दिलीत. कपभर टोफू झाला, आता चमच्याने खा. चहा गाळून, मिनिटभर निवू देऊन, कोमट केलेल्या सोयादुधात बारीक धारेने ओतला की बहुधा फाटत नाही, आणि गुळाऐवजी साखर घेतली तर उत्तमच. पण मग तुमची तक्रार कशाबद्दल असणार?

कोजागरीला पाच लिटर सोयादूध आटवायला ठेवा. ते बासुंदीसारखं दाट, रवाळ होत नाही, बुडाला धरतं. वर जी पिवळसर साय येते ती काढून वाळवून चीन-जपानात चवीने खातात. तुम्ही ती खरवडून सिंकमध्ये टाका. दही लावायचं तर विरजणात साखर अजिबात घालू नका. विरजणातल्या जिवाणूंची सवयीची साखर म्हणजे लॅक्टोज, ती इथे नाही. लिटरला दोन चमचे साखर घातली तर ते बऱ्यापैकी दही लावून देतात, म्हणून नकोच. आणि चतुर्थीला ‘दूध उपासाला चालतं’ म्हणून पेलाभर घ्याल तेव्हा आजींना सांगू नका की ते कडधान्य आहे.

विकतचं घेणाऱ्यांचे कष्ट वाचतात, पण त्यांनाही संधी आहेच. २०२१ मध्ये अन्नसुरक्षेवर देखरेख करणाऱ्या एफएसएसएआयने ऑनलाइन विक्रेत्यांना ‘दूध’ या नावाखाली विकली जाणारी वनस्पतींची पेयं यादीतून काढायला सांगितली, तेव्हापासून बऱ्याच खोक्यांवर ‘सोया बेव्हरेज’ असं काहीतरी असतं. खोक्याच्या मागे बारीक अक्षरांत साखर किती, कॅल्शियम आणि बी-१२ वरून घातलंय का, हे लिहिलेलं असतं. वाचू नका. गाईच्या दुधात १०० मिलीला साधारण १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, घरी काढलेल्या सोयादुधात २५ च्या आसपास, आणि बी-१२ तर नाहीच. शिवाय त्यातलं फायटेट नावाचं द्रव्य लोह आणि जस्त धरून ठेवतं. ज्या खोक्यात कॅल्शियम घातलेलं असतं त्यातही ते पूड होऊन तळाशी बसतं. तेव्हा खोकं न हलवता वरचं वरचं ओतून प्या आणि शेवटचा कॅल्शियमयुक्त घोट बेसिनला पाजा. पुढे हाडांच्या डॉक्टरांना ‘मी रोज दूध घेते’ असं छातीठोकपणे सांगता येईल.

तान्ह्या बाळाच्या बाबतीत पुन्हा थट्टा बंद. वर्षाच्या आतल्या बाळाला हे दूध, घरचं असो की खोक्यातलं, आईच्या दुधाऐवजी द्यायचं नाही. सोयाचा फॉर्म्युला ही वेगळी चीज आहे आणि ती डॉक्टरांनी सांगितली तरच.

थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांना मात्र मोकळं रान. सकाळी उपाशीपोटी गोळी आणि वरून लगेच सोयादुधाचा पेला. गोळीतलं लेव्होथायरॉक्सिन नीट शोषलं जाणार नाही, रक्तातलं टीएसएच (थायरॉइड कमी पडत असल्याची खूण) चढेल, डॉक्टर डोस वाढवतील, मग तुम्ही सोया सोडाल आणि डोस जास्त होईल. तीन-चार तासांचं अंतर ठेवून रोज ठरावीक प्रमाणात घेतलं तर यातलं बहुतेक टळतं, पण लॅबवाल्यांनी पोट कशावर भरायचं?

पुरुष वाचकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर विश्वास ठेवावा: सोया प्यायलं की पुरुषपण ओसरतं. याला आधार आहे बरं का! २००८ मध्ये अमेरिकेतल्या एका साठीच्या गृहस्थांची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आली, त्यांची छाती वाढली होती. ते दिवसाला सुमारे तीन लिटर सोयादूध पीत होते आणि पिणं थांबवल्यावर बरे झाले. अनेक चाचण्या एकत्र करून २०१० आणि २०२१ मध्ये झालेल्या विश्लेषणांत टेस्टोस्टेरॉनवर परिणाम दिसला नाही, हे फॉरवर्ड करायच्या लायकीचं नाही. तेव्हा एकतर तीन लिटर प्या, नाहीतर थेंबालाही शिवू नका. पेलाभर पिणं हा मध्यमवर्गीय भित्रेपणा झाला.

हृदयासाठी पिणाऱ्यांनी बटाटेवडा चालू ठेवावा. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध प्रशासनाने, १९९९ मध्ये ‘दिवसाला २५ ग्रॅम सोया प्रथिन’ हा हृदयाला हितकर दावा मान्य केला आणि २०१७ मध्ये पुरावा डळमळीत वाटल्याने तो मागे घ्यायचा प्रस्तावही मांडला. २५ ग्रॅम म्हणजे साडेतीन पेले. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, उतरतं ते तीन-चार टक्के. तेवढ्यावर दोन वडे सहज बसतात.

इतकं करूनही मन डगमगलं तर वर्ध्याकडे बघा. १९३५ साली मगनवाडीत गांधीजींनी सोयाबीन जेवणात आणून पाहिलं, ‘हरिजन’मध्ये त्याबद्दल लिहिलं. दूध मात्र ते शेळीचं घेत राहिले.

गाळल्यावर उरलेला वाटीभर चोथा ओट्यावर तसाच ठेवा, उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत आंबतो. त्याच दिवशी थालीपिठाच्या भाजणीत मळून खरपूस भाजला तर तंतू आणि प्रथिनं दोन्ही पोटात जातात, पण नीट शिजवावा लागतो, आणि तेवढा वेळ कुणाला आहे?

हिशेबाचं शेवटी. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये, म्हणजे लिटरभर दुधाचे दाणे सात रुपयांच्या आत. आडतीवर ओलावा १२ टक्क्यांच्या वर दाखवला की शेतकऱ्याच्या हाती तेवढेही पडत नाहीत. खोकं शंभराच्या पुढे. लातूरला राहत असलात तरी ते मुंबईहून मागवा, चव निराळी लागते. राज्यातलं सोयाबीन मुख्यतः तेलगिरणीत जातं. तेल १८ ते २० टक्के, उरलेली पेंड बऱ्याच अंशी कोंबड्यांना. ती देण्याआधी वाफेवर नीट भाजतात आणि कच्ची तर राहिली नाही ना, हे युरिएज नावाच्या विकराच्या चाचणीने तपासतात, कारण कच्च्या पेंडीवर कोंबडीचं वजन भरत नाही आणि कोंबडीवाला गिरणीवाल्याला सोडत नाही. तुमच्या पातेल्याची चाचणी कुणी घेत नाही. फेस आला की बेलाशक गॅस बंद करा.