नर्स कामचुकार नाहीत, वॉर्डात नर्सच कमी आहेत

'मोठ्या हॉस्पिटलात आजच्या पोरी का टिकत नाहीत' ही पोस्ट सध्या जळगाव-धुळ्याच्या ग्रुपांवर फिरते आहे. लिहिणारा स्वतःला एका मोठ्या हॉस्पिटल कंपनीतला निवृत्त व्यवस्थापक म्हणवतो. त्याचं म्हणणं असं: कंपनी म्हणजे कुटुंब, तक्रारीला दार उघडं असतं. बारा तासांची ड्युटी ही सेवा, फ्लॉरेन्स नाइटिंगेलने कधी तास मोजले नाहीत. चांगली नर्स पंधरा पेशंट सहज सांभाळते, स्टाफ कमी म्हणणाऱ्या कामचुकार. शिवाय प्रशिक्षित नर्स मिळतातच कुठे? आणि बॉण्ड, म्हणजे ठरल्या मुदतीआधी नोकरी सोडली तर पैसे भरायचा करार, मुलींच्याच भल्याचा. अमळनेरच्या माझ्या बहिणीने ही पोस्ट पुण्यात नर्स असलेल्या तिच्या मुलीला पाठवली आणि खाली लिहिलं, "जरा सोसी ले व माय." तेव्हा गप्प बसवेना.

आधी ते पंधरा पेशंट. बारा तासांची ७२० मिनिटं पंधरांत वाटली तर एकेकाच्या वाट्याला ड्युटीभरात मिळून ४८ मिनिटं येतात. त्यातच ऑपरेशन होऊन आलेल्याचं तासातासाला बीपी, वेळेची इंजेक्शनं, सलाईन, शुगर, लघवीचं माप, प्रत्येक गोष्टीची कॉम्प्युटरवर नोंद, मध्येच कॅज्युअल्टीतून नवी अ‍ॅडमिशन. एकाची तब्येत बिघडली की उरलेल्या चौदांकडे बघायला कोण? भारतीय परिचर्या परिषदेचं (इंडियन नर्सिंग कौन्सिलचं) प्रमाण साध्या वॉर्डात ५ पेशंटांमागे १ नर्स आणि आयसीयूत एकाला एक असं आहे. आणि हा फक्त नर्सच्या दमण्याचा प्रश्न नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००२ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आला. शस्त्रक्रियेच्या रुग्णांमध्ये नर्समागे एकेक पेशंट वाढला की ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. एकेक पेशंट! इथे पाचाचे पंधरा करून वर त्याला शिस्त म्हणतात. चोपड्याहून, शहाद्याहून केळीच्या विक्रीचे पैसे भरून आपण ज्यांना पुण्या-नाशकाला नेतो, ते आपलेच आईबाप त्या पंधरांत असतात.

'उघड्या दारा'चंही तसंच. चुकीचा डोस जाता जाता राहिला तर इन्सिडेंट रिपोर्ट भरायचा असतो, म्हणजे पुढची चूक टळते. पण रिपोर्ट भरणारीलाच मेमो मिळाला तर दुसऱ्या वेळी कोण लिहील? आणि तक्रार फिरून मेमो देणाऱ्या त्याच मेट्रनकडे, म्हणजे नर्सच्या मुख्य अधिकाऱ्याकडे, जाणार असेल, तर ते दार असून नसल्यासारखं.

नाइटिंगेलबाईंचं नाव तर यांनी घेऊच नये. क्रिमियाच्या युद्धात सैनिक घाणीने आणि अव्यवस्थेने मेले हे त्यांनी परतल्यावर आकडे मांडून ब्रिटिश सरकारला सुनावलं, १८५७ साली शाही आयोग नेमायला लावला. त्या सोसत बसल्या नाहीत. तासांचं म्हणाल तर महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रुग्णालयंही येतात. आठवड्याला ४८ तास, त्यावर दुप्पट दराने ओव्हरटाइम.

प्रशिक्षित नर्स मिळत नाहीत, हे मात्र अर्धं खरं आहे. पण का मिळत नाहीत? सुप्रीम कोर्टाच्या २०१६ च्या आदेशावरून नेमलेल्या केंद्राच्या समितीने २०० हून जास्त खाटांच्या खासगी रुग्णालयांत सरकारी नर्सइतका पगार द्यावा, ५० पेक्षा कमी खाटा असतील तरी महिन्याला निदान २० हजार द्यावेत, असं सुचवलं. त्या शिफारशी आहेत, कायदा नाही, हे मान्य. पण एवढा पगार खरोखर देऊन पाहा, मग नर्स मिळत नाहीत म्हणा.

बॉण्ड सरसकट बेकायदेशीर नसतो, हेही मान्य करावं लागतं. तरी कागदावर दोन लाख लिहिले म्हणून दोन लाख वसूल होत नाहीत. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७४ वाजवी भरपाईपुरतंच बोलतं, लिहिलेली रक्कम ही फक्त कमाल मर्यादा. बॉण्डसाठी म्हणून मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेतली जातात, ती मात्र गहाण ठेवायची वस्तू नाही. ती कुणी ठेवून घेतली असतील तर लेखी अर्ज करून परत मागा, अर्जाची पोच घ्या, आणि दाद लागली नाही तर त्या शहराच्या कामगार आयुक्त कार्यालयात जा.