सिनेमाला निघताय? पोरांचं आधार कार्ड घेतलंत ना?

पालकहो, पोरांना सिनेमा दाखवायचा बेत असेल तर गेल्या रविवारी सांगलीत हात पोळून घेतलेल्या बापाचे चार सल्ले ऐका. फुकट आहेत.

पोस्टरवरचा 'यूए 13+' हा वयाचा शिक्का वाचा आणि गप्प बसा. रक्त आहे, शिव्या आहेत, की नुसतं चुंबन, ते त्यावर नसतं. ब्रिटनचं सिनेमा तपासणारं मंडळ हिंसा, शिवीगाळ अशी कारणं आकड्यासोबत सांगतं. आगाऊ लोक! आपल्याकडं आकडा म्हणजे प्रसाद, का म्हणून विचारायचं नसतं.

भडंग घरीच खाऊन निघा.

मुलगी साडेबारा वर्षांची असेल तर सहा महिने थांबा. मी थांबलो नाही. दारावरच्या पोरानं आधार मागितलं. म्हटलं, बाबा रे, 2023 साली कायदा बदलला, यूएचे 7, 13, 16 असे तीन तुकडे झाले, पण त्याच कायद्यात लिहिलंय की हा आकडा आईबापानं ठरवायला आहे, दुसऱ्या कुणी अडवायला नाही. 'ए', म्हणजे फक्त मोठ्यांचा, असता तर मीच आणली नसती. तो म्हणाला, "काका, वरनं सांगितलंय." वर कोण? मॅनेजर. त्याच्या वर? "बोर्ड असतंय की!" हो, असतंय, मुंबईत. तिथं मूठभर माणसं बंद खोलीत सिनेमा बघतात आणि माझ्या लेकीला काय झेपेल ते ठरवतात. गेल्या महिन्यात मुंडकी उडत होती त्या सिनेमालाही 13च, आणि ह्या रडक्या कौटुंबिक सिनेमालाही 13च. कुठल्या तराजूत तोलतात? निर्मात्याला पटलं नाही तर पूर्वी अपिलाला न्यायाधिकरण होतं, 2021 साली तेही मोडीत काढलं. आता थेट उच्च न्यायालय. इकडचा एखादा पोरगा शेत गहाण टाकून सिनेमा काढतो, तारीख लागलेली असते, तो वकील लावेल की मुकाट कात्री चालवू देईल? आणि तिकीट काढणाऱ्यानं कुणाकडं जायचं? तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत, हे तेवढं मोठ्या अक्षरात छापलेलं असतं.

लेक रुसली तर हातात मोबाइल द्या. तिथल्या मालिकांना कंपन्या स्वतःच आकडा लावतात, आणि आधार कुणी मागत नाही.

1843 साली मराठी नाटक जिथं जन्मलं म्हणून आपण मिरवतो, त्या गावात बाप लेकीला घेऊन पार्किंगमध्ये उभा.

जाऊ दे, आता सरळच बोलतो. 1983 साली सेन्सॉर बोर्डाचं 'प्रमाणन' बोर्ड केलंत ना? मग प्रमाण दाखवा! कारण लिहायला एक ओळ लागते. एक ओळ लिहवत नाही तुम्हाला? आणि रांगेत माझ्या मागं उभे होतात ते तुम्ही, "जाऊ द्या हो, उगं वाद नको, पिक्चर सुरू होतोय" म्हणणारे! तुमच्या कडेवर दोन वर्षांचं पोरगं होतं. त्याला तिकीट लागत नाही म्हणून कुणी काही विचारलं नाही. ते आत गेलं.