‘सेफ्टी व्हॉल्व बुजवा, पल्ला दुप्पट करा’ : वॉटर गनविषयीच्या एका संदेशाचा प्रतिवाद

‘वॉटर गनचा पल्ला दुप्पट करणारी पाच गुपिते’ या मथळ्याचा एक संदेश सध्या मोबाइलवरून फिरतो आहे. तो माझ्या बारा वर्षांच्या भाच्यापर्यंत पोहोचला आणि त्यातले तिसरे गुपित आजमावण्यासाठी तो घरभर गोंद शोधू लागला, म्हणून हे लिहिणे भाग पडले. एरवी असल्या मजकुराच्या नादी लागण्यात अर्थ नव्हता.

पहिले गुपित म्हणे असे, की वॉटर गन हे ‘नासा’ने तयार केलेले शस्त्र आहे. यातला खरेपणा एवढाच, की दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या आजच्या वॉटर गनचे जनक लॉनी जॉन्सन हे नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत काम केलेले अभियंते आहेत. १९८२ मध्ये ते घरी, स्वतःच्या वेळात, फ्रिऑन या शीतकरणाच्या वायूऐवजी पाण्यावर चालणाऱ्या हीट पंपाचा (उष्णता एका जागेहून दुसरीकडे नेणाऱ्या यंत्राचा) प्रयोग करत असताना नोझलमधून न्हाणीघरात जोरदार धार उडाली आणि त्यांना हे खेळणे सुचले. १९८६ मध्ये त्यांना मिळालेले पेटंट कोणालाही वाचता येते. पाणी उडताना अंतराळातल्या किरण-बंदुकीसारखा आवाज यावा म्हणून बॅटरीवरचे सर्किटही त्यात वर्णिले आहे. शस्त्राला असली करमणूक कोण जोडतो?

दुसरे गुपित : मोठी टाकी घ्या आणि ती काठोकाठ भरा. वरच्याच पेटंटात नेमके उलट सांगितले आहे. टाकी अर्धवट भरायची आणि उरलेल्या जागेत पंपाने हवा दाबायची, कारण पाणी ढकलण्याचे काम ती दाबलेली हवाच करते. नंतरच्या ज्या बंदुकांत दाबाची कुपी, म्हणजे पाणी आणि हवा दाबून ठेवायचा बंद कप्पा, टाकीपासून वेगळी असते, तिथे टाकी पूर्ण भरली तरी चालते, हे मान्य. पण त्याने धारेचा पल्ला वाढत नाही, फक्त पुन्हा पाणी भरायला जाण्याच्या खेपा वाचतात आणि हात अवघडतो.

आता तिसरे गुपित, ज्यासाठी हा सारा खटाटोप : ‘सेफ्टी व्हॉल्व गोंदाने बुजवा, सायकलच्या पंपाने हवा भरा, दाब दुप्पट तर पल्ला दुप्पट.’ हवेचा अडथळा नसलेल्या पाठ्यपुस्तकी जगात हे गणित बरोबर आहे, हे नाइलाजाने मान्य करावे लागते. वातावरणापेक्षा २ बार अधिक दाब असेल (१ बार म्हणजे साधारण वातावरणाच्या दाबाएवढा), तर पाणी सेकंदाला सुमारे २० मीटर वेगाने सुटते आणि कागदावर ४० मीटर जाते. प्रत्यक्षात चांगल्या बंदुकीची धार १०-१५ मीटरच्या आसपास फुटून तिचे थेंब होतात, कारण वेग वाढतो तसा हवेचा अडथळाही वाढत जातो. दाब दुप्पट केल्याने सुटतानाचा वेग दुप्पट नव्हे, जेमतेम १.४ पट होतो आणि त्यातलाही बराचसा हवेतच जिरतो. शिवाय दाब टिकत नाही. पाणी निघून हवेला दुप्पट जागा मिळाली, की वातावरणाचा धरून ३ बार असलेला दाब दीडवर येतो, म्हणजे सुरुवातीचा २ बार अतिरिक्त दाब अर्ध्या बारवर येतो आणि वेग निम्मा होतो. या घसरणीवर उपाय म्हणून १९९६ च्या सीपीएस २००० या बंदुकीत हवेऐवजी फुगणारी रबरी पिशवी वापरली गेली, जिचा दाब शेवटपर्यंत जवळजवळ सारखा राहतो. अभियंत्यांनी शोधलेली वाट ही होती, व्हॉल्व बुजवण्याची नव्हे.

तो व्हॉल्व दाब मर्यादेपलीकडे गेला की त्याला वाट करून देतो. वाट बंद केली, की सांध्यातली सर्वांत कच्ची जागा तडकते, आणि ती कुपी मुलाने छातीशी धरलेली असते. पाणी दबत नाही, म्हणून निव्वळ पाण्याच्या दाबाने फुटलेले भांडे लगेच शांत होते. दाबलेली हवा मात्र साठलेली ऊर्जा एकदम सोडते आणि प्लास्टिकचे तुकडे उडवते. पीव्हीसी पाइपची घरगुती ‘तोफ’ बनवा, असा सल्लाही त्याच परिच्छेदात आहे. अशा पाइपांत दाबलेली हवा खेळवू नये, हा इशारा अमेरिकेच्या ‘ओशा’ या कामगार-सुरक्षा यंत्रणेने १९८८ मध्येच दिला होता, आणि तोही कारखान्यांतल्या जाणत्या माणसांसाठी.

चौथे गुपित साबणाचे. साबणाने दाब वाढत नाही, डोळे झोंबतात.

पाचव्यात ‘डोळ्यांवर नेम धरा, पाण्याने काय होते?’ असे विचारले आहे. सेकंदाला २० मीटर म्हणजे ताशी ७२ किलोमीटर, आणि जवळून त्या वेगाची धार बुबुळाला इजा करू शकते. हा खेळ नियमाने खेळणारे एका फटक्यात बाद धरोत की झेंडा पळवण्याचा डाव मांडोत, नेम धडावर धरतात, डोक्यावरचा फटका मोजत नाहीत आणि गॉगल लावतात. भाच्याला यातले फक्त गॉगल आवडले आहेत. गोंद मी उचलून ठेवला आहे.