नाट्यगृह म्हणजे नुसता भाड्याने द्यायचा हॉल नाही

परवा पुन्हा तीच चर्चा ऐकली, की नाट्यगृहं तोट्यात चालतात, ठेकेदाराला चालवायला देऊन टाका म्हणजे सुधारतील. यावर सविस्तर लिहायचंय, कारण मी बरीच वर्षं हौशी नाटकांची लाईट्स करतेय आणि नाट्यगृह बहुतेक वेळा मागच्या दारानेच बघते.

नाशिकला वास्तूंची तशी कमी नाही. 1840 पासूनच्या सार्वजनिक वाचनालयाचं परशुराम साईखेडकर नाट्यगृह आहे, शालिमारला महापालिकेचं कालिदास कलामंदिर आहे, ते स्मार्ट सिटीतून नव्याने करून 2018 ला उघडलं, गंगापूर रोडला कुसुमाग्रज स्मारक आहे. कुसुमाग्रज आणि कानेटकर दोघंही याच गावात राहून लिहीत होते. म्हणून मला वाटतं खरा प्रश्न इमारतीचा नाहीच, ती कोणासाठी आणि कशी चालवायची याचा आहे.

तारखा कशा जातात बघा. शनिवार-रविवार मुंबई-पुण्याच्या व्यावसायिक नाटकांना, डिसेंबर-जानेवारी शाळांच्या गॅदरिंगला, मधे सत्कार, मेळावे, ऑर्केस्ट्रा. यात गैर काहीच नाही, त्यातून पैसा येतो आणि आपल्याला चांगली नाटकंही बघायला मिळतात. पण व्यावसायिक नाटकाची बस येते ती सेट, लाईटवाला, सगळं ठरलेलं घेऊन, त्यांचे प्रयोग झालेले असतात, ते भराभर उभं करतात. हौशी संस्थेचं तसं नसतं हो. राज्य नाट्य स्पर्धेला उतरायचं तर महिना-दोन महिने तालीम चालते ती कुठल्यातरी शाळेच्या वर्गात नाहीतर सोसायटीच्या हॉलमधे, खुर्च्या ठेवून इथे विंग इथे दार असं धरून, आणि खरं स्टेज दिसतं ते थेट प्रयोगाच्या दिवशी! सेट लावा, लाईट टांगा, फोकस करा, मेकअप, सगळं त्याच एका सत्रात.

एका ठिकाणी, नाव घेत नाही, आमच्या आधीचा कार्यक्रम लांबला. स्टेज हातात आलं तेव्हा सेट कसाबसा उभा राहिला, मुलगा घोड्यावर, म्हणजे उंच शिडीवर, चढून लाईट फोकस करतोय तोवर पहिली घंटा झालीसुद्धा. दुसऱ्या अंकात आईचं काम करणारी मुलगी खिडकीशी उभी राहून बोलते, रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड तिच्या चेहऱ्यावर यायला हवा, तो पडला खांद्यावर आणि चौकटीवर. वाक्य न तोडता ती अर्धं पाऊल मागे सरकली आणि उजेडात आली. प्रेक्षकांना कळलंही नसेल, मला लाईटच्या केबिनमधून दिसत होतं. दिवसभर नोकरी करून संध्याकाळी तालमीला येणाऱ्या मुलीला स्टेजवर उजेड शोधत फिरायला लागू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

आठवड्यातल्या मधल्या दिवसांच्या सकाळी हॉल बऱ्याचदा रिकामा असतो. ती सत्रं गावातल्या संस्थांना तांत्रिक तालमीसाठी, म्हणजे सेट-लाईट लावून करायच्या तालमीसाठी द्या, फक्त विजेचे आणि कर्मचाऱ्यांचे पैसे घेऊन. विजेचं कारण मला सांगू नका, स्टेजचा एक साधा पार लाईट 1000 वॅटचा असतो हे मलाही माहितीये, पण खरं बिल वाढवतो तो एसी, आणि तालमीला एसी लागत नाही.

दुसरं, माणूस. नाट्यगृहातले जुने काका असतात ना, लाईटचं कुठलं चॅनल मेलंय, लाईट टांगायचा कुठला बॅटन (आडवा पाईप) खाली येताना अडकतो, कुठल्या प्लगवर जास्त लोड द्यायचा नाही, सगळं त्यांना तोंडपाठ. ते रिटायर झाले की कंत्राटी पोरगा येतो, त्याला शिकवणारं कोणी नसतं, पगारही तुटपुंजा, मग तो टिकत नाही. त्याला दोष कसा देणार? कोल्हापूरचं 1915 पासूनचं केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट 2024 मधे आगीत गेलं तेव्हा आपण सगळे हळहळलो. लाकूड, पडदे, वायरिंग जिथे एकत्र असतं तिथे रंगमंच समजणारा कायमचा तांत्रिक माणूस हवाच, हा खर्च वाचवायचा नसतो.

ठेकेदार आला तर तो भरलेल्या तारखा बघणार, तो त्याचा धंदाच आहे. त्या हिशोबात मंगळवार सकाळची तालीम कधीच बसणार नाही. उद्यान किंवा वाचनालय नफ्यात आहे का असं आपण विचारत नाही, मग नाट्यगृहालाच का विचारतो? त्यापेक्षा रंगकर्मी, प्रेक्षक आणि प्रशासन यांची छोटी समिती करा, तारखांचं कॅलेंडर ऑनलाईन सगळ्यांना दिसेल असं ठेवा, कोणाला कुठली तारीख का मिळाली ते कळू दे. निम्मी भांडणं तिथेच मिटतील. 2027 च्या कुंभमेळ्यासाठी शहरात एवढी कामं चाललीयेत, त्यात हे तर कागदावर निर्णय घेऊन होण्यासारखं आहे.

राज्य नाट्यच्या तालमी सुरू व्हायच्या आत तांत्रिक तालमीच्या सत्रांसाठी एक निवेदन द्यायचं ठरतंय. सही करायची असेल त्यांनी संस्थेचं नाव इनबॉक्स करा, आणि नाटक करत नसाल पण बघत असाल तरी करा, प्रेक्षकांच्या सह्या जास्त हव्यात.