तीन पिवळ्या वायरी आणि एक काका

मागे बेस्टची बस आणि पुढे टेम्पो अशा अवस्थेत सायन सर्कलच्या सिग्नलला माझी मोटरसायकल बंद पडली. बॅटरी जेमतेम आठवड्यापूर्वीची. दुकानदाराला फोन केला तर म्हणतो, "बॅटरी ओके आहे, तुमच्या वायरिंगमध्ये फॉल्ट आहे." हे त्याने पैसे घेण्याआधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, पण मग बॅटरी कशी खपणार? किक मारावी तर किकच नाही. सेल्फ असताना किक कशाला, म्हणून हल्ली कित्येक गाड्यांना ती देतच नाहीत. सेल्फ बॅटरीवर चालतो हे कंपनीच्या त्या मीटिंगमध्ये बहुतेक कोणी बोललं नसावं. गाडी ढकलत किंग्ज सर्कलजवळच्या एका गल्लीतल्या गॅरेजपर्यंत आणली. वाटेत प्रत्येक टॅक्सीवाल्याने "पेट्रोल संपलं काय?" असं विचारून घेतलं.

गॅरेजवाला पोरगा कमी बोलणारा निघाला. त्याने सीट काढली, आपली जुनी बॅटरी केबलने जोडली आणि गाडी चालू केली. लॅमिंग्टन रोडवरून घेतलेला माझा मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज मोजायचं यंत्र, मी बॅगेतून काढला, तेवढ्यात मागून आवाज आला.

"बॅटरी गेली."

वळून पाहिलं. सत्तरीचे गृहस्थ, हातात कापडी पिशवी, पिशवीतून कोथिंबीर डोकावतेय.

"नवीन आहे, काका."

"नवीनच जातात. जुन्या कुठे जातात? माझ्या घड्याळातली बघ, अजून चालू आहे." एवढं बोलून त्यांनी मीटर माझ्या हातातून काढूनच घेतला. "मी रेल्वेत होतो. ट्रॅक्शन."

ट्रॅक्शन म्हणजे विजेवर गाड्या चालवणारं खातं. या शब्दापुढे मी नमलो. पोरगाही जरा अदबीने सरकला.

इंजिन रेस केलं की बॅटरीवर साधारण चौदा व्होल्ट दिसायला हवेत. मीटर १२.१ दाखवत होता आणि तेही उतरत होते. म्हणजे गाडी चालते, पण बॅटरीत काही भरत नाही. काकांनी आकडा मोठ्याने वाचला, "बारा! बाराची बॅटरी, बारा व्होल्ट. बरोबर आहे," म्हणाले, आणि चष्मा पुसायला घेतला.

"आधी तो हेडलाइट बंद कर. उगाच करंट खातोय."

"बंद होत नाही, काका. एप्रिल २०१७ पासून नव्या गाड्यांना बटणच नसतं. दिवसाही चालूच."

"भरदुपारी?"

"भरदुपारी."

"मग सरकारचीच चूक आहे," काका म्हणाले. संध्याकाळभरात त्यांनी केलेलं हे एकच विधान मला पूर्णपणे पटलं.

पोरग्याने रेग्युलेटरचं सॉकेट शोधायला घेतलं. इंजिनात वीज तयार करणाऱ्या कॉइलकडून तिथे तीन पिवळ्या वायरी येतात, आणि रेग्युलेटर त्यांतल्या एसीचा बॅटरीसाठी डीसी करतो. कुठल्याही दोघींमध्ये मोजलं तरी एसी व्होल्टेज सारखंच यायला हवं. तसं आलं तर कॉइल शाबूत. हे मी सांगायला लागलो तर काका उसळले.

"गाडीत एसी? वेडा आहेस का? बॅटरी म्हणजे डीसी. प्लस आणि मायनस. तिसरी वायर कसली? ऐक. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली. कशावर? १५०० व्होल्ट डीसी! आता सगळीकडे २५,००० व्होल्ट एसी आहे, पण आमच्या काळी..." इथून पुढे इगतपुरीचा घाट, पॅन्टोग्राफ (वरच्या तारेतून वीज घेणारा टपावरचा सांगाडा), १९७४ चा संप आणि कँटीनच्या वड्याचा भाव असा प्रवास झाला. पोरगा एका हाताने सॉकेट उपटत होता. मी मान हलवत होतो. मीटर अजून काकांकडेच होता.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. स्पीकर आपोआप लागलेला.

"अहो, कोथिंबीर आणायला मालाड गाठलंत की काय?"

"आलोच. इकडे एका मुलाची गाडी अडलीय, माझ्याशिवाय होत नाहीये."

"तुम्हाला काय कळतं त्यातलं? आयुष्यभर पगारपत्रकं भरलीत!"

फोन कटला. काका थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ट्रॅक्शनवाल्यांचीच पगारपत्रकं."

तिन्ही वायरींवर एसी सारखंच आलं. बिघाड सॉकेटमध्ये होता. एक पिन हिरवी पडून काळी झाली होती, प्लास्टिक वितळून गेलेलं. पावसात गांधी मार्केटसमोर तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढली, तेव्हाच पाणी आत शिरलं असणार. गंजलेल्या जोडाला रोध वाढतो, तो तापतो, तापला की आणखी जळतो. त्या पावसानंतर मधे एका सर्व्हिस सेंटरने पूर्ण वायरिंग किट बदलायचं एस्टिमेट हातात दिलं होतं, सॉकेट उघडूनही न बघता. आणि गांधी मार्केटला पाणी दर पावसाळ्यात तुंबतं. त्याचं एस्टिमेट मात्र दरवर्षी मंजूर होतं, पैसे आपलेच. असो.

पोरग्याने जळका भाग कापला, वायरी सोल्डर केल्या, स्लीव्ह चढवली. रेस दिली. १४.२.

"चौदा! मी म्हटलं होतं ना?" काकांनी पलीकडच्या पानवाल्यालाही हाक मारून सांगितलं. पोरग्याने सातशे रुपये घेतले. काकांनी मीटर परत दिला आणि कोणी काही म्हणायच्या आत माझ्या मागे बसले. "नायगावला सोड, वाटेवरच आहे."

काल मोबाइलवर ई-चलान आलंय. मागे बसलेल्याने हेल्मेट घातलं नव्हतं. फोटो झकास आहे. कोथिंबीर वाऱ्यावर उडतेय आणि काकांचा एक हात हवेत आहे, पॅन्टोग्राफ दाखवत असावेत. मी त्यांचा नंबर घेतला नव्हता, त्यामुळे दंड मलाच भरायचाय. नायगावात ट्रॅक्शनवाल्यांची पगारपत्रकं भरलेले गृहस्थ कोणाच्या ओळखीत असतील तर जरा निरोप द्या.