वीस रुपयांची पुंगळी

परवा आमची चांदमारी (गोळीबाराचा सराव) झाली. खांदा अजून दुखतोय, पण तो बरा होईल, माझे वीस रुपये काही परत यायचे नाहीत.

मी जेलमध्ये हवालदार. रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलीत. बराकीत जाताना हातात फक्त काठी असते, बंदूक आत न्यायचीच नसते (नेली तर ती बंद्याच्या हातात जायला किती वेळ!), पण कवायत आणि फायरिंग चुकत नाही. तेज चल म्हणजे मिनिटाला १२० पावलं, प्रत्येक पाऊल ३० इंचाचं. हा हिशोब ज्याने बसवला त्याने भरीत आणि कळण्याच्या भाकरी खाल्लेलं पोट पाहिलेलं नसणार. 'थम' म्हटल्यावर आमचे पाय थांबतात, पोट एक पाऊल पुढे जाऊन थांबतं.

असो. एसएलआर रायफलने पाच राऊंड मारले, चार गेले टेकडीत, एक टार्गेटला लागला, तो माझा का शेजारच्याचा देव जाणे. लाल झेंडा उतरला, पुंगळ्या (गोळी सुटल्यावर मागे उरणारी पितळी नळकांडी) मोजायला घेतल्या आणि एक कमी! आता बाहेरच्या माणसाला वाटेल त्यात काय एवढं, पण जितके राऊंड दिले तितक्या पुंगळ्या परत जमा करायच्या असतात, एक कमी म्हणजे संध्याकाळच्या गिनतीत बंदी कमी भरल्यासारखंच. सगळे ओणवे होऊन गवत चाचपायला लागले, एप्रिलचं धुळ्याचं ऊन, वरून साहेबांचा आवाज, "कोणाची पुंगळी गेली?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. का? तर माझा नंबर शेवटचा होता म्हणून.

तेवढ्यात शेळ्या घेऊन एक म्हातारी आली. काठीवर हनुवटी टेकवून दोन मिनिटं आमचा तमाशा बघत उभी राहिली, मग म्हणाली,

"काय दखी ऱ्हायनात रे भो? पैसा पडनात का?"

"नाही आजी, पुंगळी."

"गोळी लागनी का कोनले?"

मी म्हटलं, नाही. ती इतकी निराश झाली की मलाच वाईट वाटलं. "मंग इतला माणसं कसाले?" असं म्हणत तिने लुगड्याच्या ओच्यातून चकचकीत पितळेची पुंगळी काढली, तोंडाला लावली आणि फुंकली. शिट्टी अशी वाजली की चार शेळ्या पळाल्या आणि आमच्यातले दोन जण सवयीने सावधान झाले!

"आजी, सरकारी आहे ती."

"नातूले लिधी. वीस रुपया दे, मंग ली जाय."

मी साहेबांकडे पाहिलं, साहेब टेकडीकडे पाहत होते. बत्तीस वर्षं नोकरी, चोर, दरोडेखोर, खुनी सगळ्यांशी बोलून झालंय, पण म्हातारी अठरावर यायला तयार नाही. शेवटी खिशातून दहाच्या दोन नोटा दिल्या. तिने एक उन्हात धरून पाहिली, खरी आहे का म्हणून. वर्दीतल्या माणसाची!

पुंगळी जमा झाली, हिशोब जुळला. दुसऱ्या दिवशी मला लेखी खुलासा मागितला, पाचपैकी चार राऊंड बाहेर का गेले. दिला. त्यात वीस रुपयांचा उल्लेख टाकला होता, क्लार्क म्हणाला, "भाऊ, पावती आहे का?"