एफआरएल लावूनही पाणी येतं, मग तो लावायचा कशाला?

नमस्कार. एफआरएलच्या (हवेतलं पाणी आणि कचरा गाळणारा फिल्टर, दाब ठरवणारा रेग्युलेटर आणि हवेत तेल सोडणारा ल्युब्रिकेटर, या तिघांच्या संचाच्या) निगेवर लिहिलेल्या मागच्या लेखाखाली कुडाळच्या एका काजू कारखानदारांनी मला चांगलंच फैलावर घेतलं आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: कॉम्प्रेसरशेजारी भिंतीला नवाकोरा एफआरएल लावला, तरी पावसाळ्यात एसी खोलीतल्या कलर सॉर्टरच्या (रंग बघून डागी काजूगर वेगळे करणाऱ्या मशीनच्या) नळीत पाणी येतंच. तेव्हा हे सगळं विकणाऱ्यांचं खूळ. फिल्टरचा बाऊल (पाणी साचतं ती खालची वाटी) केरोसीननं धुऊ नका म्हणणं हा फुकटचा बाऊ. ल्युब्रिकेटर बंद ठेवा हा सल्ला तर घातकच, कारण त्यांचा मेकॅनिक म्हणतो, "तेल घातलास नाय तर मशीन मरतली." वर एक टोला, की घाटावर बसून कोकणाला शहाणपण शिकवणं सोपं असतं.

शेवटचं आधी. मी रत्नागिरीत राहतो. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत वावरतो, त्यामुळे जुलैतली हवा मलाही ठाऊक आहे.

आता पाणी. नळीत पाणी येतं ही तुमची तक्रार शंभर टक्के खरी, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. फिल्टर अडवतो ते थेंब झालेलं पाणी. वाफेच्या रूपातलं पाणी त्यातून बिनदिक्कत पुढे जातं, मग तो ५ मायक्रॉनचा असो की ४० चा. तुमचा एफआरएल कॉम्प्रेसरला खेटून आहे. तिथे हवा गरम, म्हणजे बहुतेक पाणी अजून वाफच. ही हवा फिल्टर ओलांडून एसी खोलीत शिरते, तिथे नळी गार पडते आणि वाफेचं पाणी होतं. फिल्टर मागे राहिला, पाणी पुढे तयार झालं. त्यात फिल्टरचा काय दोष?

पाणी किती, याचा हिशेब एकदा कागदावर मांडून बघा. ३० अंशांना पूर्ण दमट हवेच्या एका घनमीटरमध्ये साधारण ३० ग्रॅम पाणी मावतं. आपल्याकडे पावसाळ्यात ८५ टक्के आर्द्रता धरली, तर २६ ग्रॅम. १० एचपीचा कॉम्प्रेसर मिनिटाला साधारण एक घनमीटर हवा ओढतो, म्हणजे तासाला दीड लिटर पाणी आत जातं. ७ बारला त्या हवेचं आकारमान एक अष्टमांश होतं, आणि ती पुन्हा ३० अंशांवर आली की जेमतेम पाव लिटर पाणी वाफ म्हणून धरू शकते. उरलेलं सव्वा लिटर कुठेतरी उतरणारच. आठ तासांच्या पाळीला दहा लिटर! त्यातलं बरंचसं टाकीत साचतं. आणि तुम्ही लिहिताय की टाकीचा ड्रेन दर शनिवारी उघडता. अहो, रोज सकाळी मशीन सुरू करण्याआधी उघडा, पावसाळ्यात दुपारीही. रात्रभर गार झालेल्या टाकीतून सकाळी काय धार निघते ते स्वतःच बघा.

एफआरएल हवा मशीनजवळ. तुमच्या बाबतीत एसी खोलीच्या आत, सॉर्टरच्या अलीकडे, आणि त्याच्यावरच्या बाणाची दिशा बघून. मुख्य पाइपातून फाटा काढताना तो वरून काढून खाली वळवायचा. खालून काढलात की पाइपाच्या तळाचं सगळं पाणी आणि गंज त्यातच उतरतो. जुनी जीआयची (जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपाची) लाइन असेल तर बाऊलमधलं पाणी आपोआप सोडणाऱ्या ऑटो ड्रेनवर डोळे झाकून विसंबू नका. गंजाचा चिखल त्यातल्या तरंगत्या फ्लोटखाली अडकतो, मग ड्रेन एकतर गळत राहतो किंवा बंदच पडतो. बाऊलमधलं पाणी आतल्या बॅफलपर्यंत (पाण्याला हवेपासून आडोसा देणाऱ्या चकतीपर्यंत) चढलं की हवा तेच उचलून पुढे नेते. अशा वेळी फिल्टर असून नसल्यासारखा.

केरोसीनच्या मुद्द्यावर मात्र मी तसूभरही मागे हटणार नाही. पारदर्शक बाऊल पॉलिकार्बोनेटचा असतो. केरोसीन, थिनर, अॅसिटोन यांनी तो लगेच फुटत नाही, म्हणूनच "आम्ही वर्षानुवर्षं धुतोय" असं म्हणता येतं. तुमचा बाऊल काढून उजेडासमोर तिरका धरा. आट्यांजवळ कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसल्या तर तो त्याच क्षणी भंगारात टाका. आत ७ बार दाब असतो आणि बाऊल साधारण चेहऱ्याच्या उंचीवर. बाहेरचं लोखंडी गार्ड अडचण होते म्हणून काढून ठेवणारे महाभाग मी पाहिले आहेत. धुवायला साबणाचं कोमट पाणी पुरतं. उघडण्याआधी हवा बंद करायची, दाब सोडायचा, गेज शून्यावर आल्याशिवाय हात लावायचा नाही. कॉम्प्रेसर जिथून हवा ओढतो तिथे शेजारी रंगकाम चालत असेल, तर थिनरची वाफ आतून बाऊलपर्यंत पोचते. तिथे सरळ धातूचा बाऊल घ्या. बॉयलरचा धूर येतो त्या बाजूलाही हवा ओढायचं तोंड नको, फिल्टरमधली गाळणी, म्हणजे एलिमेंट, बघता बघता चोंदतो. फिल्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबात ०.७ बारच्या आसपास फरक पडू लागला की एलिमेंट बदलायचा, तो वरून कितीही स्वच्छ दिसो.

आता तुमचा मेकॅनिक. तो चूक नाही, पण तो वेगळ्या मशीनबद्दल बोलतोय. कटिंगच्या जुन्या मशीनच्या सिलिंडरना इतकी वर्षं तेल मिळत आलंय, तर ते बंद करू नका. तेलानं कारखान्यातून आलेलं मूळ ग्रीस केव्हाच धुऊन नेलंय, आता तेलाशिवाय सील कोरडे पडतील. तिथे व्हीजी ३२ (या दाटपणाच्या ग्रेडचं) तेल, काचेत बघून मिनिटाला एक-दोन थेंब. इंजिन ऑइल नको. कलर सॉर्टरचं तसं नाही. त्याचे इजेक्टर (हवा सोडणारे छोटे व्हॉल्व्ह) हवेच्या फटक्यानं डागी गर बाजूला उडवतात, म्हणजे ती हवा थेट गरावर जाते. त्यात तेल सोडलंत तर पांढऱ्याशुभ्र गरावर तेलाचा फवारा, शिवाय व्हॉल्व्ह चिकटणार ते वेगळंच. सॉर्टरला फक्त फिल्टर-रेग्युलेटर द्या आणि ल्युब्रिकेटर कटिंगच्या फाट्यावर हलवा. मागच्या लेखातला "बंद ठेवा" हा सल्ला खाद्यपदार्थाला हवा लागते त्या जागेपुरता होता आणि तसं तिथे लिहिलंही आहे.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न: ड्रायर (हवेतली वाफ काढून ती कोरडी करणारं यंत्र) घेतला तर एफआरएल काढून टाकायचा का? नाही. हवा गार करणारा रेफ्रिजरेटेड ड्रायर दवबिंदू, म्हणजे वाफेचं पाणी होऊ लागतं ते तापमान, ३ अंशांच्या आसपास आणतो, त्यामुळे २४ अंशांच्या खोलीत नळीत पाणी धरणार नाही. पण ड्रायरच्या पुढच्या पाइपातला गंज कोण अडवणार, आणि सॉर्टरला लागेल तेवढाच दाब कोण देणार? सॉर्टरसाठी ड्रायर घ्याच असं माझं मत आहे, इजेक्टर बदलत बसण्यापेक्षा परवडतो. तोवर एफआरएल आत हलवून घ्या, प्लंबरचं अर्ध्या दिवसाचं काम आहे. ड्रायरची कागदावरची क्षमता ठरावीक तापमानाची असते, गरम हवेला ती घटते. त्यामुळे विक्रेत्याला नुसते सीएफएम (मिनिटाला किती घनफूट हवा) सांगून थांबू नका, पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात दुपारी किती तापतं तेही मोजून सांगा.